आधी पायरी, मग बाकीचं

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी फोंड्याला राहतो, औषधांच्या कंपनीत नोकरी करतो. गेल्या दिवाळीत एका हॉटेलवाल्याकडून २२ फुटी फायबरची केबिन क्रूझर घेतली. बोट पंधरा वर्षं जुनी आहे, मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. पुढे छोटी केबिन, दोन माणसं आडवी होतील एवढी. सध्या मांडवीकाठी बेतीला ठेवली आहे. घरी आम्ही पाच जण: मी, बायको, बहात्तर वर्षांची आई, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. आईचं माहेर मांडवीतल्या दिवाडी बेटावरचं. लहानपणी ती होडीतून नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जायची. तिला एकदा त्याच पाण्याच्या वाटेनं न्यायचं, यासाठी खरं तर बोट घेतली. आतापर्यंत तीनदा बाहेर काढली. आई एकदाही चढली नाही. म्हणते, 'मी धक्क्यावरून हात हलवते, तुम्ही जाऊन या.' बायको एकदा आली, आता नको म्हणते. तिला पाण्याची भीती आहे. म्हणून बोट अगदी घरासारखी करायची ठरवलंय. चार लाख बाजूला काढलेत. यादी अशी: केबिनला एसी आणि त्यासाठी जनरेटर, छतावर बसायला डेक आणि शिडी, आत सागवानी फर्निचर, गॅसची शेगडी, १०० लिटरची पाण्याची टाकी, म्युझिक सिस्टीम. सुरुवात कशापासून करू? आणि एरवी पर्यटकांना भाड्यानं दिली तर खर्च निघेल का?

उत्तर

नमस्कार.

तुमची यादी एकदाच वाचली आणि वाचता वाचता तिच्यावर काट मारत गेलो. पत्रातलं एक वाक्य मात्र चार वेळा वाचलं: 'मी धक्क्यावरून हात हलवते.' दिवाडीत वाढलेली बाई पाण्याला काय भिणार? ती भ्याली आहे धक्का आणि बोट यांच्यामधल्या हातभर फटीला.

तिच्या लहानपणी होडी काठाच्या चिखलात ओढलेली असायची. होडीचा काठ गुडघ्याएवढा. साडी जरा वर खोचली, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवला, की आत. तुमच्या बोटीचा काठ पाण्यापासून अडीच-तीन फूट वर, फायबर गुळगुळीत, धरायला काही नाही आणि खालून सगळं हलतंय. बाजूला धक्का सिमेंटचा, जागचा न हलणारा. मांडवीत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पाण्यात दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. सकाळी धक्क्याच्या बरोबरीला असलेली बोट दुपारी माणूसभर खाली गेलेली दिसते. तुम्ही रविवारी नाश्ता-आंघोळी उरकून दहा-अकराला निघाला असणार. त्या वेळी पाणी कुठे होतं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा पाहिलंही नसेल.

मी सत्तावीस वर्षं खनिजाच्या बार्जवर इंजिन सांभाळलं. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बार्जी काठाला लागल्या, तेव्हापासून लोकांच्या लहान बोटी दुरुस्त करून पोट भरतो. या इतक्या वर्षांत माझ्याकडे 'बोटीत एसी बसवा' म्हणणारे पुष्कळ आले. 'चढायला पायरी करा' म्हणणारे दोन. त्या दोघांच्या बोटी अजून दर रविवारी पाण्यात असतात.

तर पहिला खर्च पायरीचा. बोटीच्या आत, काठाला लागून, फूटभर उंचीची एक भक्कम पेटी करून घ्या. वरून खरखरीत रंग, आत लाइफ जॅकेट ठेवायला जागा. काठावरून एकदम खाली जमिनीवर उडी पडायला नको. काठ, पेटी, मग जमीन. पेटीशेजारी स्टीलची उभी दांडी, म्हाताऱ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी. स्टील ३१६ नंबरचं मागा. ३०४ नंबरचं दुकानात तितकंच चकचकीत दिसतं आणि खाऱ्या हवेत वर्षाच्या आत तांबूस डाग धरतं. ही दांडी नुसत्या फायबरला स्क्रू मारून बसवू देऊ नका. आरपार बोल्ट आणि आतून धातूची पट्टी हवी, कारण घसरणारं माणूस दांडीला लटकतं तेव्हा त्याचं सगळं वजन त्या चार भोकांवर येतं. काठ कापून दार करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ते काम बोटीच्या ताकदीशी खेळण्याचं आहे, घरच्या सुताराकडून करून घेऊ नका.

बोट बांधतानाही पुढून एक आणि मागून एक दोर पुरत नाही. मधून तिरके दोन दोर घाला, म्हणजे बोट पुढेमागे सरकत नाही. धक्का आणि बोट यांच्यामध्ये, घासू नये म्हणून, हवेचे फुगे घालायचेच. आईला उभ्यानं पाय टाकायला लावू नका. धक्का आणि काठ एका पातळीला असले की तिनं धक्क्यावर सतरंजी टाकून बसायचं, पाय आत पेटीवर सोडायचे, दांडी धरायची आणि मग उठायचं. हातातली पिशवी आधी दुसऱ्याकडे. पणजीत तरंगते धक्के आहेत, ते पाण्याबरोबर वरखाली होतात आणि पायरीची उंची दिवसभर तीच राहते. कुटुंब घ्यायला बोट तिथे लावता येईल का, हे विचारून या. तेवढ्यानं निम्मं काम होईल.

आता तुमची बायको. तिला पाण्याची भीती आहे असं तुम्ही लिहिता. तिनं स्वतः असं म्हटलं, की तुम्ही तिच्या वतीनं ठरवून टाकलंत? हे वाक्य मी इतक्या नवऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, की मी आता सरळ विचारतो: बोटीवर संडासाची सोय आहे का? नसते. पुरुषांचं नदीवर कसंही भागतं. बाई मात्र सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, उन्हात तिचं डोकं चढतं आणि घरी आल्यावर ती म्हणते, नको बाई तुमची बोट. ही गोष्ट ती तुमच्या मित्रांसमोर बोलणार नाही, कदाचित तुमच्यासमोरही नाही.

त्यावर उपाय स्वस्त आहे. दोन खणांचा सुटा संडास मिळतो. वर स्वच्छ पाणी, खाली वीसेक लिटरची बंद टाकी, तिच्यात औषध घालायचं, घरी आणून रिकामी करायची. नदीत अजिबात नाही. तुमच्या केबिनमध्ये दोघांच्या झोपायच्या जागेखाली तो सहज बसेल. खरा खर्च आडोशाचा: जाड पडदा, आतून कडी लागेल अशी चौकट, हाताशी एक दांडी, वर हवेला खिडकी. शोभेचे पडदे नकोत. बाहेर सासू आणि मुलं बसलेली असताना आत निर्धास्त बसता आलं पाहिजे. हे झालं की बायकोला पुन्हा विचारा, आणि या वेळी 'भीती वाटते का' असं विचारू नका.

तिसरी गोष्ट सावली. मागच्या उघड्या भागावर पाइपच्या सांगाड्यावर ताणलेलं कापडी छत, दोन्ही बाजूंना गुंडाळून वर बांधता येणारे पडदे. मार्च-एप्रिलात गोव्याच्या नदीवर सावलीत बसलेलं माणूस चार तास आनंदात असतं, उन्हात बसलेलं तासाभरात परत चला म्हणतं. शिवाय कापड हलकं आहे. हलकं हा शब्द लक्षात ठेवा, कारण तुमच्या यादीतलं सगळं जड आहे.

माझीच फजिती सांगतो. २०१४ साली मी एक वीसफुटी जुनी बोट स्वतःसाठी घेतली. हौस दांडगी. मागच्या बाजूला लाकडी बाक केला, त्याच्याखाली दुसरी बॅटरी, शेजारी बर्फाची पेटी, कोपऱ्यात ८० लिटरची पाण्याची टाकी. प्रत्येक वस्तू बसवताना वाटायचं, हिचं असं काय वजन. लहान बोटींना मागे, पावसाचं आणि शिंतोड्यांचं पाणी बाहेर जायला, भोकं असतात. ती पाण्याच्या पातळीच्या दोनेक इंच वर असतात. माझ्या सगळ्या हौसेचं वजन मागे पडलं, बोटीचा पार्श्वभाग बसला आणि ती भोकं पाण्याखाली गेली. बाहेर जायचं पाणी आत यायला लागलं. तळातला पंप आपोआप सुरू व्हायला हवा होता, पण बॅटरी उतरू नये म्हणून मीच त्याचं बटण बंद करून घरी गेलो होतो. सकाळी गेलो तर बोट नदीच्या चिखलावर बसलेली, खिडकीच्या काचेपर्यंत पाणी, आणि नवीकोरी बर्फाची पेटी दहा हातांवर तरंगतेय. बार्जवर सत्तावीस वर्षं घालवलेला माणूस मी. शेजारच्या पाग्यानं, म्हणजे जाळं टाकून मासे धरणाऱ्यानं, काही विचारलं नाही, नुसता बिडी पेटवून बघत उभा राहिला. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

म्हणून १०० लिटरच्या टाकीवर काट. ती म्हणजे १०० किलो, शिवाय अर्धी भरलेली घागर कशी डुचमळते तुम्हाला माहीत आहे. बोट कलली की टाकीतलं पाणीही त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. प्यायला बाटल्या न्या, हातपाय धुवायला दहा लिटरचा कॅन.

छतावरच्या डेकवर तर दोनदा काट. डोक्यावर हंडा घेतलेली बाई कशी जपून वळते? छतावर चार माणसं बसली की अडीचशे किलोचा हंडा तुमच्या बोटीच्या डोक्यावर आला. एखादी कॅसिनोची फेरीबोट बाजूनं गेली, तिची लाट आडवी आली, वरची चौघं फोटो काढायला एकाच बाजूला सरकली, की पुढचं सांगायला नको. कुंभारजुव्याला सांगोडोत्सवात गणपती आणि सोंगं घेऊन उंच मखर पाण्यावर फिरतं, ते कलत नाही, कारण खाली दोन होड्या एकमेकींना बांधलेल्या असतात. आपण ज्याला सांगड घालणं म्हणतो ते हेच. दोन होड्यांमुळे रुंदी दुप्पट होते, आणि उंचीला रुंदीचा आधार मिळतो. तुमच्याकडे होडी एकच आहे, आठ फूट रुंद, आणि तिच्या बांधणाऱ्यानं ती एकमजली म्हणून बांधली आहे. बोटीवर कुठेतरी माणसांची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली पट्टी असेल, बहुधा सुकाणूजवळ. ती शोधा. पुसली गेली असेल तर सर्व्हेअरकडून लिहून घ्या.

एसी आणि जनरेटर ही जोडी मला सगळ्यात जास्त खटकली, आणि वजन हे त्याचं दुय्यम कारण. पेट्रोलच्या जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. एसीसाठी केबिन बंद, मागे पडदे सोडलेले, आत सहा वर्षांचा मुलगा झोपलेला. बोट संथ चालत असली, वारा मागून असला, की धूर उलटा फिरून आत ओढला जातो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही याची लक्षणं. आपल्याकडे अशा वेळी लोक काय म्हणतात? 'बोट लागली त्याला, झोपू दे जरा.' नेमकं झोपू द्यायचं नसतं. उचलून मोकळ्या हवेत आणायचं, इंजिन बंद करायचं, हॉस्पिटलला पोचवायचं. जनरेटर नाही घेतला तरी इंजिनाचा धूर असतोच. तेव्हा बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केबिनमध्ये झोपायच्या उंचीला बसवा.

गारव्याची सोय बोट स्वतः करते. नांगरावर, प्रवाह फार नसला, तर ती आपसूक वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. पुढच्या डेकवर फूट-दीड फुटाची उघडणारी खिडकी बसवून घ्या, मागचं दार उघडं ठेवा, बारा व्होल्टचे दोन छोटे पंखे लावा. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की केबिनमधून असा झोत जातो की अंगावर पंचा घ्यावासा वाटतो.

गॅसची शेगडी: नको. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून जातो. बोटीत तळाला साठतो, आणि तळात पंप आणि वायरी असतात. पेट्रोलच्या वाफेचंही तसंच. सागवानी फर्निचर घरी देव्हाऱ्याला करा. म्युझिक हवं तर मुलीचा मोबाइल आहे.

आता उरलेल्या पैशांचं. हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण बोट यावरच चालते. पहिल्यांदा बोटीचा तळ आणि मागची भिंत, जिला इंजिन लटकलंय ती, एखाद्या जाणकाराला दाखवा. नारळ वाजवून बघतात तसं प्लास्टिकच्या हातोडीनं सगळीकडे वाजवायचं. टणक आवाज यायला हवा. जिथे बद्द आवाज येईल तिथे आतलं लाकूड पाणी पिऊन कुजलंय. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला जरा जोर द्या. मागची भिंत लवली किंवा कोपऱ्यात केसासारख्या भेगा दिसल्या, तर बाकी सगळं बाजूला ठेवून चार लाखांतले दोन तिथेच घालावे लागतील. पंधरा वर्षांच्या बोटीत हे निघालं तर नवल नाही, आणि विकणाऱ्या हॉटेलवाल्यानं ते सांगितलं नसेल तर त्याचंही नाही.

वायरिंग बहुधा पूर्ण बदलावं लागेल. घरातली तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते. कथिलाचा मुलामा दिलेली वायर लागते. बॅटरीच्या अगदी जवळ मुख्य फ्यूज. तळातला पंप थेट बॅटरीला, तरंगत्या स्विचसह आणि त्याच्या वेगळ्या फ्यूजसह, म्हणजे माझ्यासारखा शहाणा त्याचं बटण बंद करू शकणार नाही. पेट्रोलचे जुने पाइप बदला आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि रविवारपुरती चालणारी बोट आठवडाभर तशीच उभी असते. पावसाळ्यात तर महिनोन् महिने. जुनं पेट्रोल टाकीत ठेवून इंजिन बिघडलं म्हणून येणारे माझे निम्मे गिऱ्हाईक.

इंजिन सुरू केलं की मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. मेकॅनिक लोक तिला काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही, पण ती धार नसली तर ताबडतोब बंद करा. थंड करणारं पाणी वर येत नाहीये. परत आल्यावर दर वेळी दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यानं इंजिन धुवायचं. आणि इंजिनाला लावलेले धातूचे बळीचे तुकडे, जे स्वतः झिजतात म्हणून इंजिन वाचतं, ते अॅल्युमिनियमचे घ्या. मांडवीचं पाणी एप्रिलात खारट आणि जुलैत जवळजवळ गोडं. जस्ताचे तुकडे अशा बदलत्या पाण्यात नीट काम करत नाहीत.

कागदपत्रं. बोट बंदर कप्तान खात्यात तुमच्या नावावर झाली आहे का, विम्यावर जुना मालक तर नाही ना, हे आधी पाहा. छत, इंजिन, रचना यांत मोठा फेरफार केला तर तोही खात्याला कळवावा लागतो. भाड्यानं द्यायचा विचार सोडा. पैसे घेऊन माणसं न्यायची तर नोंदणी वेगळी, परवानाधारक चालक वेगळा, विमा वेगळा. खाजगी विमा भाड्याच्या फेरीतला अपघात भरून देत नाही. आणि ज्या बोटीवर शनिवारी अनोळखी पोरांनी पार्टी केली, तिच्यात रविवारी तुमची आई सतरंजी घालून बसेल का?

नदीवर कसं फिरायचं तेही थोडं सांगतो, कारण तुम्ही विचारलेलं नाही. पहिली दोन वर्षं समुद्राचं नाव काढू नका. आग्वादला मांडवीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून दुपारचा वारा आला की तिथे लाटा उभ्याच्या उभ्या राहतात. पावसाळ्यात याच बांधापायी आमच्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगावला जायच्या. तुमच्या कुटुंबाला नदी भरपूर आहे. रायबंदर, चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, जुनं गोवं, दिवाडी. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, मुलांना पाण्यात पाय सोडून बसू देऊ नका. खारफुटीजवळ आणि पाग्यांच्या होड्यांजवळ वेग अगदी कमी. तुमची एक लाट त्याच्या होडीत बादलीभर पाणी ओतते. तुमची बोट एकतर ताशी दहाएक किलोमीटरनं रमतगमत चालवा, नाहीतर पूर्ण उचलून वेगात. मधल्या वेगात ती नाक वर करून शेपूट ओढत जाते, सगळ्यात जास्त पेट्रोल पिते आणि सगळ्यात मोठी लाट मारते. पेट्रोलचे तीन वाटे धरा: एक जायला, एक यायला, एक तसाच परत आणायला.

नांगराचा दोर किती? पाणी तीन मीटर, बोटीचं नाक एक मीटर वर, भरती आणखी दोन मीटर चढणार: झाले सहा. त्याच्या पाचपट, म्हणजे तीस मीटर सोडा. लोक दहा मीटर सोडतात आणि जेवण होईस्तोवर खारफुटीत जाऊन बसतात. मुलांची लाइफ जॅकेट त्यांच्या वजनाची, पायांमधून पट्टा असलेली घ्या, नाहीतर मुलगा पाण्यात आणि जॅकेट वर अशी गत होते. धक्क्यावर घातलेलं जॅकेट धक्क्यावरच काढायचं, तुमच्यासकट सगळ्यांनी. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सुकाणूजवळ रंगानं लिहून ठेवा.

मे संपायच्या आत बोट पाण्याबाहेर काढा. लोक पावसात ती धक्क्याला बांधून वर ताडपत्री टाकतात. हिशेब करा: २२ फूट लांब, आठ फूट रुंद, म्हणजे सोळा चौरस मीटर. आपल्याकडे जून-जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस अगदी सहज पडतो. सोळाशे लिटर. निम्मं बाहेर वाहून गेलं तरी आठशे किलो पाणी बोटीत. जमिनीवर नाक जरा वर करून ठेवा, तळाचं बूच काढा, आणि ते बूच किल्लीच्या जुडग्यालाच बांधा. सप्टेंबरात बूच न लावता बोट पाण्यात सोडणारे दर वर्षी एक-दोन भेटतात.

पायरी, दांडी, संडास, छत एवढं झालं की आईला घेऊन या, पण पहिल्या दिवशी बोट सोडूच नका. दिवस अष्टमीनंतरचा एखादा निवडा. तेव्हा भांगाचं पाणी असतं, ते फार चढत-उतरत नाही. वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून काढा. बोट दोन्ही बाजूंनी घट्ट बांधा, आईला आत बसवा, बायकोला आणि मुलांनाही. अर्धा तास बसा. आईला दोनदा उतरून दोनदा चढू द्या, पायरी कुठे उंच वाटते ते तिलाच विचारा, आणि ती म्हणेल तशी दुसऱ्या दिवशी सुताराकडून कमी करून घ्या.

मग नार्व्याचा दिवस. तो मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपासचा घ्या, सकाळी चढती भरती असेल असा: जाताना पाणी तुम्हाला वर नेईल, उतरताना खाली आणेल. त्या दिवशी पाणी जास्त वरखाली होईल, म्हणून आईला तरंगत्या धक्क्यावरूनच घ्या. दिवाडीला वळसा घालून नार्व्याच्या फेरीच्या धक्क्यापर्यंत जा, फेरीला वाट द्या. देऊळ धक्क्याला लागून नाही, तिथे गाडी आधी सांगून ठेवा. हे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा उभारायला लावलं. पण ते तुमच्या मुलांना तुम्ही सांगू नका, आजीला सांगू द्या. होडी कुठल्या खाचेत लावायचे, काठावर कुणाचं घर होतं, हे तुम्हालाही माहीत नसेल. ती बोलत असताना इंजिन जरा कमी ठेवा.

चहा थर्मासमधून न्या. शेगडी नाही बसवायची, हे ठरलंय ना आपलं?